संशोधकांचा ऑनलाइन गट काढताय? लिंक वाटायची घाई करू नका

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी पहिला ऑनलाइन गट काढला. दोन आठवड्यांत दोनशेच्या वर माणसं आत आली आणि मला वाटलं, जमलं! चार महिन्यांनी तिथे परिषदांच्या जाहिराती, "हा पेपर कुणाकडे आहे का?" अशी विचारणा आणि पैसे घेऊन प्रबंध लिहून देणाऱ्यांचे मेसेज एवढंच उरलं होतं. ज्या मैत्रिणीमुळे गटाची कल्पना सुचली, तिचा गाइड दीड-दीड महिना चॅप्टरला हात लावत नसे. तिने त्या गटात एक अक्षर लिहिलं नाही. विचारलं तर म्हणाली, "दोनशे लोकांसमोर काय सांगू? महिनाभर मी फाइलच उघडली नाही, हे?"

दुसरा गट सात जणांनी सुरू केला आणि तो अजून चालू आहे. पहिल्या गटात कुणीही कधीही काहीही टाकायचं. दुसऱ्यात आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, एकत्र बसून आपापलं काम करायचं. बाकीचा सगळा फरक यातूनच आला. पदव्युत्तर प्रबंध लिहिणारे असोत की पीएचडीवाले, असा गट काढायचा असेल तर मी ज्या क्रमाने शिकले त्यापेक्षा जरा शहाण्या क्रमाने खाली सांगते.

सुरुवातीला हाताशी काय लागेल

- निरोप देण्यासाठी एक अ‍ॅप
- व्हिडिओ कॉलची एक कायमची लिंक
- सगळ्यांना लिहिता येईल असा एक ऑनलाइन तक्ता
- अर्ध्या पानाचे नियम
- मानसिक आरोग्याच्या मदतीची यादी, सदस्य जिथे राहतात तिथली
- तुमच्याशिवाय आणखी एक माणूस, ज्याच्याकडे सगळ्या चाव्या (पासवर्ड, अ‍ॅडमिनचे हक्क) असतील

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. मी ती सगळ्यात उशिरा केली.

१. गट कशासाठी, ते एका ओळीत लिहा

संशोधकांचे गट साधारण तीन कामांसाठी निघतात: माहिती देण्याघेण्यासाठी, लिहायला बसण्यासाठी आणि मन मोकळं करण्यासाठी. तिन्ही एकाच गटात कोंबले की माहिती जिंकते, कारण जाहिरात पुढे पाठवायला दोन सेकंद लागतात आणि "मला जमत नाहीये" लिहायला धीर लागतो.

माझा सल्ला, सुरुवात लिहायला बसण्यापासून करा. मन मोकळं करायचा गट म्हणून बोलावलं तर पहिल्या दिवशी सगळे अवघडून बसतात. कामाला बसलेली माणसं मधल्या सुट्टीत आपोआप बोलायला लागतात. ही काही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नाही. सॅन फ्रान्सिस्कोत २००७ च्या सुमारास 'शट अप अँड राइट' नावाने लेखक असेच जमू लागले. गप्प बसा, लिहा, मग गप्पा मारा. पुढे ही पद्धत संशोधकांनी उचलली.

आमची ओळ अशी होती: "मंगळवार-शुक्रवार सकाळी दोन तास सोबत बसून प्रबंधाचं काम करणे." या ओळीत जे बसत नाही ते गटात टाकायचं नाही.

२. पहिली पाच ते आठ माणसं हाताने निवडा

जाहीर लिंक टाकू नका. एकेकाला स्वतंत्र मेसेज करा आणि काय, किती वाजता, किती आठवडे ते स्पष्ट सांगा. "सहा आठवडे करून बघू" असं म्हटलं की माणसं हो म्हणतात. कायमचं बोलावणं म्हटलं की टाळतात.

विषय एक असायची गरज नाही, उलट वेगळे असलेलेच बरे. आमच्यात एक मृदाशास्त्राची, एक इतिहासाचा आणि दोन संगणकवाले होते. एकमेकांचं संशोधन कळत नसल्यामुळे तुलना होत नसे आणि "हे साध्या भाषेत सांग बरं" हा प्रश्न विचारायला कुणाला लाज वाटत नसे. टप्पे मात्र मिसळा. सिनॉप्सिसवर, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यावर, अडलेल्याला शेवटचा चॅप्टर लिहिणारा माणूस दर बैठकीत दिसला पाहिजे. व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, देऊन मोकळा झालेला एखादा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

एकाच गाइडचे दोन विद्यार्थी घेताना दोनदा विचार करा. दोघं चांगले असले तरी एकासमोर दुसरा मोकळेपणी बोलत नाही. आणि गाइड, विभागप्रमुख, परीक्षक यांना गटात घेऊ नका, ते कितीही प्रेमळ असोत.

३. जागा निवडताना कोणाला काय दिसतं ते बघा

अ‍ॅपवरून लोक तासन् तास वाद घालतात. त्याची गरज नाही. जे आधीच सगळ्यांच्या फोनमध्ये आहे ते घ्या, फक्त काही गोष्टी तपासा.

व्हॉट्सॲपच्या गटात १,०२४ आणि टेलिग्रामच्या गटात दोन लाखांपर्यंत माणसं मावतात. आठ जणांच्या गटाला या आकड्यांशी काही देणंघेणं नाही. फोन नंबर कुणाकुणाला दिसतो, ते मात्र बघायला हवं. व्हॉट्सॲपच्या साध्या गटात सहसा तो सगळ्यांना दिसतो. अनोळखी माणसं घेणार असाल तर विशेषतः मुलींना आधी विचारा. आमच्याकडे एकीला गटातल्याच एकाचे रात्री खाजगी मेसेज येऊ लागले आणि ती काही न बोलता निघून गेली. कारण आम्हाला तीन महिन्यांनी कळलं. नंबर लपवायचा असेल तर डिस्कॉर्ड किंवा टेलिग्राम बरं. स्लॅकच्या मोफत योजनेत ९० दिवसांपूर्वीचे मेसेज दिसेनासे होतात, तेव्हा जपून ठेवायचं काही असेल तर ते दुसरीकडे ठेवा.

कॉलसाठी झूमची मोफत बैठक ४० मिनिटांनी बंद पडते. पहिल्यांदा आम्हाला याचा राग आला. मग त्यालाच घंटा मानलं: कॉल तुटला की सुट्टी, दहा मिनिटांनी त्याच लिंकवर परत. पंचवीस मिनिटं काम, मग छोटी सुट्टी, अशी पोमोडोरो (इटालियनमध्ये टोमॅटो) पद्धत अनेकांना आवडते. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवरून ती सुरू केली. वाचायला, संदर्भ नीट करायला पंचवीस मिनिटं पुरतात. पण युक्तिवाद बांधायला बसलं की पंचवीस मिनिटांत माझं जेमतेम इंजिन गरम होतं, म्हणून मी चाळीसच्या बाजूने.

सदस्य वेगवेगळ्या देशांत असतील तर एक सापळा आहे. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी, आणि कित्येक देशांत जातच नाहीत. त्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत निम्मे लोक तासभर आधी किंवा उशिरा येतात आणि एकमेकांवर चिडतात. वेळ कुठल्या शहराच्या घड्याळाप्रमाणे पाळायची ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

४. नियम अर्ध्या पानात

लांबलचक नियमावली कुणी वाचत नाही. आमचे नियम चारच:

- इथलं बोलणं इथेच. स्क्रीनशॉट नाही. बाहेर काही सांगायचंच असेल तर कोण बोललं ते कळता कामा नये. लंडनच्या चॅटम हाउस या आंतरराष्ट्रीय घडामोडींचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने १९२७ मध्ये जवळपास हाच नियम केला आणि तो अजून जगभर वापरला जातो.
- न मागता सल्ला नाही. "मी वैतागलोय" याचं उत्तर "तू असं कर" हे नसतं.
- जाहिरात, फॉरवर्ड आणि विकायला काही नाही.
- आठवडाभर गैरहजर राहिलात तरी खुलासा मागितला जाणार नाही.

चौथा नियम आम्ही सहा महिन्यांनी घातला. लोक एकदा चुकले की शरमेने परत येत नव्हते. नियम लिहिल्यावर परत येऊ लागले. यात मानसशास्त्र वगैरे काही नाही, माफी मागायचं काम वाचलं एवढंच.

संशोधकांच्या गटात गुप्ततेची आणखी एक बाजू असते आणि ती नवख्यांच्या लक्षात येत नाही. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांची नावं, ध्वनिमुद्रणं, रुग्णांची माहिती यांतलं काहीही गटात टाकायचं नाही. तुम्ही संमतीपत्रावर ज्यांना वचन दिलंय त्यांनी या आठ जणांना परवानगी दिलेली नाही. पेटंट घेण्याजोगं काम असेल तर तपशील बोलण्याआधी गाइडला विचारा. शोध आधीच उघड झाला तर त्याचं नावीन्य जातं आणि अर्ज अडकू शकतो.

५. पहिली बैठक: मिनिटागणिक

इथे जरा थांबून सांगते, कारण बहुतेक गट पहिल्याच बैठकीत बिघडतात. ओळखपरेड सुरू होते, प्रत्येक जण आपल्या विषयावर पाच मिनिटं बोलतो, आणि तास संपल्यावर कुणी एक ओळ लिहिलेली नसते. पुढच्या वेळी निम्मे येत नाहीत.

आमची बैठक अशी चालते. आठ वाजता लिंक उघडते. पाच मिनिटं लोक येतात आणि ऑनलाइन तक्त्यात नावापुढे एक ओळ लिहितात. तक्त्याला तीनच रकाने: आज काय करणार, काय झालं, कुठे अडलं. आठ-पाचला वेळ पाहणारा म्हणतो, "चला," आणि सगळ्यांचे माइक बंद. कॅमेरा ज्याच्या-त्याच्या मर्जीवर. आठ-चाळीसला कॉल तुटतो. दहा मिनिटं पाय मोकळे करायचे. मग परत चाळीस मिनिटं. नऊ-तीसला शेवटची फेरी: प्रत्येकाने दुसरा आणि तिसरा रकाना भरायचा. ज्याला बोलायचंय तो बोलतो, ज्याला नाही तो हात हलवून जातो.

पहिल्या रकान्यात "प्रबंध" असं कुणी लिहिलं तर ते पुसायला लावा. "तिसऱ्या चॅप्टरमधल्या तक्ता क्रमांक दोनखालचा परिच्छेद" असं हवं. चाळीस मिनिटांत संपेल एवढंच काम लिहायचं, ही सवय लागायला मला दीड महिना लागला.

आणि तिसऱ्या रकान्याला कमी लेखू नका. तिसऱ्या आठवड्यात आमच्या इतिहासवाल्याने दुसऱ्या रकान्यात लिहिलं: "एक परिच्छेद. तोही खोडला." तिसऱ्यात: "गाइडच्या जुन्या शेऱ्यापाशी. उघडायची भीती वाटते." त्याखाली कुणी काही बोललं नाही. पुढच्या शुक्रवारी मृदाशास्त्रवालीने त्याला विचारलं, "मी कॉलवर थांबते, तू शेरे उघडतोस का?" अकरा शेरे होते. त्यातले सात स्वल्पविरामांचे.

६. ड्राफ्ट दाखवायची वेळ लगेच आणू नका

दोन महिने नुसतं सोबत बसा. मग एकमेकांचं लेखन वाचायचा विषय काढा. "कसं वाटलं सांग" म्हणून चाळीस पानं कुणाकडे टाकणं ही दोघांनाही शिक्षा आहे. पाठवताना चार गोष्टी लिहा: किती पानं वाचायची (पाचपेक्षा जास्त नको), ड्राफ्ट कितवा, कोणत्या दोन प्रश्नांची उत्तरं हवीत, आणि काय सांगायचं नाही. पहिला ड्राफ्ट असेल तर शुद्धलेखन काढू नका, असं बजावून सांगायला संकोच नको.

वाचणाऱ्याने कुठे कळेनासं झालं ते दाखवायचं. वाक्य स्वतः लिहून द्यायचं नाही. प्रबंधाखाली तुम्ही सही करता, तेव्हा दुसऱ्याने लिहिलेलं त्यात मिसळलं तर ते मदतीपुरतं राहत नाही. भाषा तपासण्यापुरती मदत कितपत चालते याचे नियम संस्थेगणिक वेगळे असतात. ते एकदा वाचून घ्या.

याच टप्प्यावर आणखी दोन पाहुणे येतात. एक, पैसे घेऊन पेपर छापून देणारे: "सात दिवसांत प्रकाशन, स्वीकृतीची हमी." खरं परीक्षण होणार असेल तर स्वीकृतीची हमी कुणालाच देता येत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. अशांना एक ताकीदही न देता बाहेर काढा. दोन, "हा पेपर कुणाकडे आहे का?" ही मागणी. एकदा सुरू झाली की गटाचं वाचनालय होतं. आमच्याकडे वर एक मेसेज चिकटवलाय: आधी अनपेवॉल हे ब्राउझरचं साधन लावून मोफत प्रत मिळते का बघा, मग लेखकाच्या संस्थेचं ऑनलाइन भांडार शोधा, मग सरळ लेखकाला ईमेल करा. बहुतेक लेखक खुशीने पाठवतात. आपला पेपर कुणी वाचतंय हेच त्यांना नवल असतं! संदर्भ एकत्र ठेवायला झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा सामायिक संग्रह चांगला. मोफत जागा ३०० एमबी मिळते, तेव्हा फक्त नोंदी ठेवा, फाइली नकोत.

७. गप्प बसणाऱ्यांना हाकलू नका

गट वाढला की बोलणारे तेच तेच राहतात. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला एक ढोबळ ठोकताळा आहे: ऑनलाइन समुदायात शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि एक जण बहुतेक सगळं लिहितो. तो मोठ्या समुदायांबद्दल आहे, पण तुमच्या गटात कुणी गप्प असेल तर मनाला लावून घेऊ नये इतपत उपयोगी आहे. "निष्क्रिय सदस्यांना काढण्यात येईल" असा मेसेज मी एकदा टाकला होता. ज्याला गटाची सगळ्यात जास्त गरज होती तो त्याच रात्री स्वतःहून बाहेर पडला.

गट पंधराच्या वर गेला की त्याचे दोन करा. दोन वेगळ्या वेळा, दोन वेगळे तक्ते.

८. कुणी खरंच खचलं तर

हा भाग वाचल्याशिवाय गट काढू नका.

बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३२ टक्के जणांना मानसिक आजार असण्याचा किंवा जडण्याचा धोका दिसला. पुढच्या वर्षी २६ देशांतल्या २,२७९ जणांची पाहणी आली, तिच्यात ३९ टक्के जणांमध्ये मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणं होती. या दुसऱ्या पाहणीत लोक आपणहून सामील झाले होते, म्हणून तो आकडा जसाच्या तसा सगळ्यांना लावू नये. तरी आठ जणांच्या गटात एखादा वाईट काळातून जात असेल, हे धरूनच चला.

ओळखायचं कसं? बोलणारा माणूस गप्प होतो, तक्त्यातला पहिला रकाना दोन-तीन आठवडे रिकामा राहतो, विनोदांचा सूर बदलतो. अशा वेळी गटात विचारू नका. खाजगीत एक मेसेज: "दिसली नाहीस, काम राहू दे, तू कशी आहेस?" उत्तर न आल्यास दोन दिवसांनी फोन.

कुणी जीव नकोसा झाल्याचं सुचवलं तर थेट विचारा, "स्वतःला इजा करून घ्यायचे विचार येतात का?" विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच्या जवळच्या माणसाला कळवा आणि तिथल्या मदतीच्या क्रमांकावर किंवा आपत्कालीन सेवेकडे पोचवा. इथे गुप्ततेचा नियम लागू होत नाही, आणि हे नियमांच्या अर्ध्या पानात आधीच लिहिलेलं असावं. मदतीची यादी दर सहा महिन्यांनी तपासा. आमच्या यादीतला एक क्रमांक बंद झालेला निघाला, आणि तो कळला एका साध्या दिवशी, हे नशीब.

गट हा समुपदेशक नाही. तुम्हीही नाही. रात्री दोनला आलेल्या प्रत्येक मेसेजला उत्तर देऊन मी पहिल्या वर्षी स्वतःचा चॅप्टर चार महिने मागे टाकला. ऐकून घेणारी दोन माणसं ठरवा आणि त्यांनी एकमेकांशी बोलत राहावं.

९. चाव्या वेळीच सोपवा

संशोधकांचे गट मरतात ते बहुतेकदा काढणाऱ्याचा प्रबंध जमा होतो तेव्हा. म्हणून पहिल्या महिन्यापासून वेळ पाहायचं काम आळीपाळीने द्या. दर महिन्याला नवा माणूस. लिंक आणि तक्ता कुणाच्या वैयक्तिक खात्यावर नको. गटाच्या नावाने एक ईमेल उघडा आणि पासवर्ड दोघांकडे ठेवा. गटात किमान दोन अ‍ॅडमिन हवेत. सोपवताना एका पानावर लिहून द्या: खाती कोणती, नियम कुठे, मदतीची यादी शेवटची कधी तपासली, आणि कुणाशी जरा सांभाळून बोलावं लागतं. हे शेवटचं कागदावर नको, फोनवर सांगा.

माझ्या व्हायवानंतर मी चाव्या मृदाशास्त्रवालीकडे दिल्या. पहिल्याच मंगळवारी लिंक सात मिनिटं उशिरा उघडली. बोटं शिवशिवत होती, पण मी मेसेज केला नाही. आत गेल्यावर तक्त्यात दोन नवी नावं दिसली. मी ओळखत नसलेली. त्यातल्या एकीने पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, "प्रबंध," आणि माझ्याआधीच कुणीतरी ते पुसून शेजारी लिहिलं होतं: "नेमकं काय? छोटं सांग."